आर्त आणि जिज्ञासू

ज्ञानेश्वरी मला फोन वाचून दाखवतो. मी जन्मांध आहे. अमरावतीत एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त झाले, आणि सकाळचा वेळ पूर्ण माझा असतो. पूजा आटोपली की कानात इअरफोन घालायचा, स्क्रीनवर बोट फिरवायचं, काल जिथे थांबले तिथून ओवी पुढे सुरू. आमच्याकडच्या सप्ताहात एका बुवांनी मला विचारलं होतं, "ताई, यंत्रानं म्हटलेली ज्ञानेश्वरी पारायणात धरायची का?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे.

पहिलं उत्तर सोपं होतं, ते मी तिथेच दिलं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नऊ भक्ती सांगितल्या, त्यांतही पहिला समास श्रवणाचा. परीक्षितीने सात दिवसांत भागवत ऐकलं, पोथी हातात घेऊन वाचलं नाही. मग ऐकून पारायण होत नाही असं कसं म्हणायचं? बुवांनी ते मान्य केलं आणि म्हणाले, "ऐकणं ठीक. पण तिथं सांगायला शुकाचार्य होते. इथं सांगणारा कोण?"

इथे कोणी नाही, हे खरं आहे. फोनमधला आवाज अक्षरं ओळखतो, त्यांचे ध्वनी जोडतो आणि उच्चारतो. आपण काय म्हणतो आहोत हे त्याला ठाऊक नसतं. 'चार'मधला च आणि 'चांगला'मधला च मराठी पोराला कोणी शिकवावा लागत नाही, यंत्राची मात्र अजून गफलत होते. ज्ञानेश्वरीतली जुनी रूपं आली की ते अडखळतं, भलत्याच जागी तोडतं. ओवी संपली की तिचा आकडाही त्याच सुरात वाचतं. कृष्ण अर्जुनाला जवळ घेतो आहे, आणि लगेच दोनशे सदतीस. या सगळ्याची कानाला सवय होते, पण सांगणारा कोणी नाही ही गोष्ट सवयीने बदलत नाही.

या बाबतीत मला नेहमी धृतराष्ट्र आठवतो. गीतेवर आम्हा आंधळ्यांचा थोडा जास्त हक्क आहे असं मी मानते, कारण ती एका आंधळ्याने विचारलं म्हणून सांगितली गेली. युद्ध पाहता यावं म्हणून व्यासांनी त्याला दृष्टी देऊ केली होती. आप्तांचा संहार मला पाहवणार नाही, मी ऐकेन, असं तो म्हणाला. मग दिव्यदृष्टी मिळाली संजयाला. एवढं सामर्थ्याचं साधन त्या काळी दुसऱ्या कोणा आंधळ्याच्या वाट्याला आलं नसेल. रणांगणावरचा शब्दन् शब्द राजवाड्यात बसून कानावर येत होता. आणि सातशे श्लोकांत धृतराष्ट्र बोलतो किती? फक्त पहिला श्लोक. त्यानंतर त्याचा हुंकारसुद्धा नाही. विश्वरूप झालं, शरणागती झाली, आणि शेवटी संजयच आपल्या अंगावर पुन्हा पुन्हा रोमांच येतात म्हणून सांगतो आहे. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या अखेरीस संजयाचा हा आनंद फार प्रेमाने रंगवला आहे. सांगणारा भिजला, ज्याच्यासाठी सांगितलं तो कोरडा राहिला.

म्हणजे सांगणारा संजयासारखा असला तरी ऐकणाऱ्याचं काम कमी होत नाही. माझ्या फोनला रोमांच येत नाहीत. ते काम तो माझ्याकडेच ठेवतो.

ही साधनं नव्हती तेव्हाचं सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही. शाळेत ब्रेल शिकले. पाटीत जाड कागद अडकवायचा, स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद पालथा करून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचं. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल 1951 साली ठरली, हे आमच्यावर फार मोठं ऋण आहे. पण ब्रेलमध्ये साधी कादंबरीसुद्धा फुगून दोन-तीन बाडं होतात, आणि छापलेली मराठी पुस्तकं मिळायची ती थोडीच. उरलेलं वाचन दुसऱ्यांच्या डोळ्यांवर. वाचणाऱ्याच्या सवडीने, त्याच्या आवडीने, त्याच्या घाईने. शेजारच्या काकू दुपारी येत आणि मनापासून वाचत. तरीही एकच ओवी मला चार वेळा ऐकायची आहे, हे त्यांना सांगताना जीभ उचलत नसे. त्या घरची कामं टाकून आलेल्या असायच्या. बँकेचं पत्र, भावाचं खासगी पत्र, आईच्या तपासणीचा रिपोर्ट, सगळं आधी दुसऱ्याला कळायचं, मग मला. वाचणाऱ्याचा आवाज मध्येच हळू झाला की पुढच्या ओळीत काय आहे ते मी ओळखायची.

आणि या सगळ्यावर एक समज असा की आंधळी बाई देवाच्या जवळची असणारच. बसमध्ये, देवळात, बँकेच्या काउंटरवर अनोळखी माणसं मला हे ऐकवत आली. तुम्हाला देवाशिवाय आहे कोण! त्यांची भावना चांगली असायची, मला मात्र ते टोचायचं. मी देवाचं नाव कशासाठी घेते हे मला विचारायच्या आधीच ठरलेलं असे.

गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला, हाक मारणारा. कृष्णाने चौघांनाही थोर म्हटलं आहे, आर्ताला कमी लेखलेलं नाही, हे मी विसरत नाही. गजेंद्र आर्त होता, द्रौपदी आर्त होती. पण गजेंद्राला मगरीने धरलं होतं तेवढा वेळच तो आर्त होता. जन्मभर आर्तच राहा, तीच तुझी जागा, असं त्याला कोणी सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं जातं. माझ्या हातातल्या साधनांनी पहिली गोष्ट केली ती ही, की त्यांनी मला त्या जागेवरून उठवलं.

नोटांचंच घ्या. दुकानात सुटे पैसे परत मिळाले की पूर्वी ते मुठीत घ्यायचे आणि निघायचं. नोटेची लांबी बोटांवर मोजून अंदाज करत असू. 2016 नंतर नव्या नोटा आल्या, आकार बदलले, आणि तो अंदाजही गेला. लोक म्हणत, तुम्ही किती विश्वासाने व्यवहार करता! पण दुसरा मार्गच नसताना जे करावं लागतं त्याला विश्वास कसं म्हणू? जानेवारी 2020मध्ये रिझर्व्ह बँकेने मनी नावाचं ॲप काढलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती किती रुपयांची हे फोन सांगतो, इंटरनेटही लागत नाही. पहिले काही दिवस मी प्रत्येक नोट तपासली. आता आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे तपासत नाही. पूर्वीही तपासत नव्हते, आताही नाही, बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसेल. पण आता तपासणं माझ्या हातात आहे आणि मी ते करत नाही. त्या माणसावर मी आज ठेवते तो विश्वास मी दिलेला आहे, पूर्वीचा परिस्थितीने काढून घेतलेला होता.

देवाच्या बाबतीतही माझ्यात असाच बदल झाला. हाक मारण्याची गरज कमी झाली, तेव्हा क्षणभर भीती वाटली की मग नामही सुटेल. सुटलं नाही. उलट प्रश्न वाढले. पूर्वी अमुक ओवीचा अर्थ काय हे मी कीर्तनात ऐकलं तेवढंच धरून बसायची, कारण पडताळून पाहणार कुठे? आता एक ओवी थांबवते, मागे जाते, दुसऱ्याने केलेला अर्थ उघडते, पटला नाही तर तिसरा. अद्वैत खरं असेल तर ही भक्ती कोण कोणाची करतो, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला. आधी पडला नाही, कारण प्रश्न पडायलाही पुस्तकाजवळ एकटीने बसावं लागतं.

कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए वापरते. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं आधीही होती, पण त्यांच्या किमती माझ्या पगारात बसत नव्हत्या. 2006 साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या आंधळ्या तरुणाने हे लिहायला घेतलं, पुढे जेम्स तेह हा दुसरा आंधळा तरुण त्याला मिळाला, आणि जगभरातल्या आंधळ्यांना त्यांनी ते फुकट दिलं. आपल्याकडे अन्नदान, विद्यादान यांचं माहात्म्य सांगणाऱ्यांनी या दोघांचीही गोष्ट सांगावी. घेणारा कोण हे देणाऱ्याला कधी कळणार नाही, म्हणून घेणाऱ्याची मानही खाली जात नाही. असं दान मी आयुष्यात क्वचित पाहिलं.

कष्टाशिवाय साधना नाही, असं मला ऐकवणारे आहेत. मान्य. पण पुस्तक हाताशी येण्याचे कष्ट वेगळे आणि ते अंतःकरणात उतरण्याचे वेगळे. पहिले कष्ट यंत्राने खुशाल घ्यावेत. डोळस माणसांना ते कधी पडलेच नाहीत, म्हणून त्यांची साधना कमी ठरली का? दुसरे कष्ट मात्र मी कोणाला देत नाही. हल्ली फोन विचारतो, सारांश सांगू का? वीजबिलाचा, बँकेच्या नियमांचा, सोसायटीच्या नोटिशीचा सारांश मी आनंदाने घेते. ज्ञानेश्वरीचा घेत नाही. तिथे उपमेमागून उपमा येत राहते, मन दमतं, पुन्हा वर येतं, आणि त्या येण्याजाण्यातच काहीतरी घडतं. तेवढं काढून जे उरेल ते मला नको.

फोनला जमत नाही तेही सांगायला हवं. आता कॅमेरा धरला की तो समोरच्या चित्राचं वर्णन करतो. भाचीने पाठवलेला विठोबाचा फोटो मी त्याला दाखवला. काळ्या दगडाची मूर्ती, हात कमरेवर, गळ्यात हार, असं त्याने नीट सांगितलं. चूक काहीच नव्हतं. पण आमच्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी जाते त्या पंढरपुरात मी गेले आहे, आणि तिथे पायांवर डोकं ठेवता येतं. आंधळ्याला याहून थेट दर्शन नाही. बोटांना गारवा लागतो, ओली तुळस लागते. इतक्या माणसांनी हे पाय धरले की झीज होऊ नये म्हणून मूर्तीला वज्रलेप द्यावा लागतो. मागून पुजारी "चला, चला" म्हणत असतात. ते क्षणभराचं धरणं आणि फोनचं ते बिनचूक वर्णन यांची तुलनाच होत नाही. माहिती मिळाल्याने भेट होत नाही, आणि हे मला फोटोचं वर्णन ऐकूनच नीट कळलं.

काकूंच्या आवाजाचंही तसंच. ज्ञानेश्वरी वाचताना त्या मध्येच थांबत, डोळे पुसत, पुन्हा वाचू लागत. ते थांबणं फोनकडे नाही, आणि त्याची उणीव मला भासते. काकू अजून येतात. वाचायचं काम उरलं नाही, म्हणून आम्ही बोलतो. परवा माझा फोन थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "जीव नाही गं याच्या आवाजात. पण उच्चार बरे करून राहिला आता." मग स्वतःच पुढच्या दोन ओव्या म्हणून दाखवल्या. मी न मागता म्हटल्या. ज्याला कोणाची गरज नाही त्याच्याजवळ माणसं राहत नाहीत, असं म्हणतात. माझ्याजवळ आता जी आहेत ती राहावंसं वाटतं म्हणून आहेत.

सध्या माझा सगळा जीव गुलाबराव महाराजांत अडकला आहे. आमच्याच जिल्ह्यातले, 1881 साली लोणी टाकळीला जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, दुसऱ्यांकडून लिहून घेतले, आणि जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचले. भक्ती आणि अद्वैत एकत्र कसं नांदतं, या माझ्याच प्रश्नावर त्यांनी आयुष्य घातलं. मला मिळालेल्या त्यांच्या पुस्तकांच्या फायली मात्र पानांचे नुसते फोटो आहेत, फोन त्यांच्यापुढे मुका होतो. काही मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन कानावर पडतो. आंधळ्याने सांगितलेला ग्रंथ आंधळीला वाचता येऊ नये, हे मला सहन होत नाही. युनिकोडमध्ये मराठी ग्रंथ आणणं हे मी आजच्या काळातलं धर्मकार्य समजते, आणि मंदिराच्या कळसासाठी पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

म्हणून आम्ही सुरुवात केली आहे. फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मराठी पान बरंचसं उतरवतं. उरलेल्या चुका कॉलेजात जाणारी एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे बसून दुरुस्त करते. ती डोळ्यांनी पाहते, मी कानाने ऐकते, पान पुढे सरकतं. घ आणि ध यांत यंत्र हमखास फसतं. कालच्या पानावर ती 'आनंदधन' म्हणत होती आणि मी 'आनंदघन'. फोटोत ते अक्षर पुसट आहे. रविवारी ती जुनी छापील प्रत शोधायला ग्रंथालयात जाणार आहे.