दोष आणि स्वभाव

जुन्या वस्तूवर जीव जडला म्हणजे तिच्या दोषांनाही मनुष्य गोड नांवें देऊं लागतो. इंग्लंडांत जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी बाळगणाऱ्या रसिकांमध्यें एक विनोद फार दिवसांचा आहे: गाडीखालीं तेलाचा थेंब दिसेनासा झाला, तर इंजिनांतील तेल संपलें असें समजावें! विनोद म्हणून तो चांगला आहे. परंतु त्याच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याकडेच आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ज्यावर आपलें प्रेम आहे त्याचें न्यून कोठपर्यंत सोसावें, आणि कोठून पुढें तें सोसणें हा निव्वळ आळस ठरतो?

उदाहरणादाखल अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एम्‌. जी. बी. ही गाडी घेऊं. तिच्या १७९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनाला तेल झिरपण्याच्या जागा अनेक. वरचें रॉकरचें झांकण, बाजूचीं टॅपेटचीं दोन झांकणें, तळचें ऑइल-चेंबर, पुढचें टायमिंग साखळीचें झांकण, आणि मागें क्रँकशाफ्ट जेथून बाहेर पडतो ती जागा. यांपैकीं शेवटची जागा विचार करण्यासारखी आहे. पहिल्या दोन-अडीच वर्षांच्या, तीन बेअरिंगांच्या इंजिनांत तेथें रबरी सील नव्हतेंच. क्रँकशाफ्टवर स्क्रूसारखा आटा कापलेला असे, आणि शाफ्ट फिरत असतां तो आटा बाहेर येऊं पाहणारें तेल परत आंत लोटी. इंजिन थांबलें कीं हा पहारेकरीही थांबे, आणि मागें राहिलेले दोनचार थेंब खालीं उतरत. १९६४ मध्यें पांच बेअरिंगांचें इंजिन आलें, तेव्हां तेथें सील बसविण्यांत आलें. जुन्या इंजिनाचे ते थेंब हा तर त्याचा स्वभावच होय. आणि स्वभावाला औषध नाहीं, ही म्हण तेथें यथार्थ ठरते.

परंतु ही म्हण लागू करण्याची मालकास फार घाई असते. तेल खालीं ओघळतें आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यानें मागें सरकतें. त्यामुळें वरच्या झांकणाचें बुचाचें पॅकिंग कडक झालें, तर तेथून सुटलेलें तेल इंजिनाच्या मागच्या तळाशीं जाऊन टपकतें, आणि पाहणारा मागच्या सीलला दोष देतो. तें सील बदलावयाचें तर अख्खें इंजिन बाहेर काढावें लागतें. वरचें पॅकिंग थोडक्या वेळांत बदलतां येतें. म्हणून जाणता मेस्त्री प्रथम इंजिन धुवून कोरडें करतो, त्यावर पांढरी पूड भुरभुरतो, इंजिन थोडा वेळ चालवितो, आणि पूड सर्वांत उंचावर कोठें ओली झाली तें शोधतो. जेथें डाग दिसतो तेथेंच उगम असतो असें नाहीं.

दुसरी चूक बळाची. गळणाऱ्या झांकणाचे बोल्ट अधिकाधिक आवळले कीं पातळ पत्रा वांकतो, बूच चिरडतें, आणि गळती वाढते. तिसरी याहून सूक्ष्म आहे. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायु नेहमींच खालच्या पेटींत उतरतो. त्यास बाहेर पडण्याची वाट ठेवावी लागते. या गाडींत ती टॅपेटच्या पुढच्या झांकणांतून आहे. ती वाट तुंबली कीं आंतला दाब वाढतो, आणि नवीं सीलेंही तेल रोखूं शकत नाहींत. अशा वेळीं सीलें बदलीत बसणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. ज्या घरांत मोकळेपणानें बोलण्याची वाट बंद झाली आहे, तेथेंही कटुता अशीच भलत्या सांध्यांतून पाझरतांना आपण पाहतों.

कोणी म्हणेल, गाडी मालकाची, तेल मालकाचें. चार थेंबांचा एवढा बाऊ कशाला? यास उत्तर असें. ग्रेट ब्रिटनमध्यें मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणींतून सूट मिळाली. त्याच वेळीं इतर गाड्यांच्या तपासणींत, पर्यावरणास धोका पोहोंचविणारी द्रवाची गळती हा दोष नव्यानें धरला जाऊं लागला. सूट आहे ती तपासणीपासून; गाडी रस्त्यास योग्य ठेवण्याच्या कर्तव्यापासून नव्हे. परीक्षक दूर झाला म्हणजे परीक्षेचा सारा भार मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर येऊन पडतो. थेंब गॅरेजांत पडला तर फरशी आपली आहे. परंतु रस्त्यावर सांडलेलें तेल पहिल्या पावसांत एखाद्या मोटारसायकलवाल्याच्या चाकाखालीं येतें, आणि पुढें गटारांतून ओढ्याला मिळतें. त्या बिचाऱ्यानें तर त्या गाडीवर प्रेम केलेलें नसतें!

म्हणून आमच्या मतें दोषाला स्वभाव म्हणण्याचा अधिकार आयता मिळत नाहीं. वरपासून खालपर्यंत शोध घेतला, सुधारतां येण्याजोगें सारें सुधारलें, आणि तरीही जें उरलें, त्यालाच स्वभाव म्हणावें. आणि त्याची झीज आपण सोसावी, परक्यावर लादूं नये. आट्याच्या त्या जुन्या इंजिनाखालीं रोज रात्रीं न चुकतां ट्रे सरकविणारा आणि सकाळीं डिपस्टिक पुसून तेलाची पातळी पाहणारा मालक ही गोष्ट कोणीं न सांगतां जाणतो. त्याच्या तोंडीं तो जुना विनोद आम्हांस गोड वाटतो.