भूक नसलेली एकादशी

६ जुलै २०२५, आषाढी. सून साबुदाण्याची खिचडी करत होती. तुपात जिरं-मिरची तडतडली की एरवी माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण घरात मलाच ऐकवली जायची. त्या दिवशी वास आला आणि गेला. आत काहीच हललं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये भारतात आलेलं टिर्झेपेटाइड हे औषध मी मेपासून घेते. दर शनिवारी फ्रिजमधली इवलीशी कुपी काढायची, अर्धा मिलिलिटर औषध सिरिंजमध्ये ओढायचं, पोटाची कातडी चिमटीत धरून टोचायचं. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या दोन संप्रेरकांची ते नक्कल करतं. जठर सावकाश रिकामं होतं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला आधीच पोचतो.

इच्छाच नसेल तर उपवास कसला? ही टोचणी घेऊन मी त्या दिवशी निर्जळी केली. सोपी गेली. संध्याकाळी हरिपाठाला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्या झाल्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी डॉक्टरांनी आधीच निम्मी केली होती, तरी साखर उतरली होती. डॉक्टर म्हणाले, “काकू, मला न विचारता उपास? या औषधावर पाणी तोडायचं नाही. भूक लागली नाही तरी शरीराला अन्न लागतंच.”

गीतेचा दुसरा अध्याय सांगतो, की निराहार राहिल्याने विषय सुटतात, गोडी मात्र आत उरते. ती परमतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. माझी गोडी सुईने गेली, दर्शनाचा पत्ता नव्हता. याला वैराग्य म्हणता येत नाही. पण मग हेही मानावं लागतं, की औषधाने शमते ती भूक माझं पाप नव्हती. ‘जिभेवर ताबा नाही’ हे ४० वर्षं ऐकून मी विठ्ठलापुढेही मान खाली घालून उभी राहिले.

आता एकादशीला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाटीभर भगर, दही खाते, दिवसभर पाणी पिते. उपवास म्हणजे विठ्ठलाजवळ राहणं. खिचडीशी झगडण्यात जाणारा दिवस त्याच्यासाठी मोकळा मिळतो. औषध थांबलं की भूक बहुधा परतेल, असं डॉक्टर सांगतात. परतू दे. तेव्हा मी तिला लाजणार नाही.