कावळा, फांदी आणि प्रोसेसर

जगात काहीही बिघडलं की आपण दोन प्रश्न विचारतो. एक, ‘काय झालं?’ आणि दुसरा, ‘कोणी केलं?’ पहिल्याचं उत्तर मिळायला वेळ लागतो, म्हणून आपण दुसऱ्यापासून सुरुवात करतो. घरात कपबशी फुटल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरातून जी पहिली हाक उठते, ती एखाद्या पोराच्या नावाने उठते. ते पोर त्या वेळी शाळेत असलं तरी चालतं.

आणि ‘कोणी केलं?’ या प्रश्नाचं सगळ्यांत सोयीचं उत्तर म्हणजे ‘जो नवा आला त्याने!’ नवं बिऱ्हाड आलं आणि नळाचं पाणी बारीक झालं. नवा साहेब आला आणि शाखेचा पंखा करकरायला लागला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपले वाडवडील सांगून गेले. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं, कावळा मात्र तोच. म्हण सगळ्यांना पाठ आहे. तरीही फांदी मोडली की सगळी आळी दगड घेऊन कावळ्याच्या मागे! फांदीला वाळवी कधीपासून लागली होती हे बघायला झाडावर चढणार कोण?

हे हसण्यावारी जातं तोवर ठीक आहे. पण याच तर्कावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुना छळल्या गेल्या. लग्न होऊन मुलगी घरात आली आणि महिन्याभरात सासरे घसरून पडले, की ती ‘पांढऱ्या पायाची’. सासऱ्यांचे गुडघे साठ वर्षांचे, न्हाणीघरातलं शेवाळ वीस वर्षांचं. पण या सगळ्यात नवं काय, तर सून. झाला खटल्याचा निकाल. अपील नाही.

या विषयावर मी इतका गंभीरपणे विचार करू लागलो, याला माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर कारणीभूत आहे. (पाहिलंत? इथेही मी कारण शोधलंच.)

भाच्याचा कॉम्प्युटर २०१८ सालचा. त्यात रायझन ३ २२००जी नावाचा प्रोसेसर होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं सांगतात. बिस्किटाएवढा चौकोन आणि त्याच्या पोटाखाली मोजून १३३१ सोनेरी पिना. १३३१ म्हणजे अकराचा घन, हे त्या खोलीत फक्त माझ्या लक्षात आलं. पण कॉमर्सवाल्याच्या अशा शोधांची कोणी दखल घेत नाही. तर हा जुना मेंदू काढून भाच्याला २०२२ साली बाजारात आलेला रायझन ५ ५६०० बसवायचा होता. तो त्याने लॅमिंग्टन रोडवरून आणला. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने विचारलं तर कॉम्प्युटरचं दुकान सापडत नाही.

मला टॉर्च धरण्याचं काम मिळालं. बी. कॉम. झालेल्या माणसाला तांत्रिक क्षेत्रात यापेक्षा वरची जागा देत नाहीत. भाच्याने वरचा पंखा सरळ न उचलता आधी जरासा फिरवून मग काढला. कारण मधला मलम चिकटलेला असतो आणि सरळ उपसलं तर प्रोसेसरही पंख्याबरोबर उपटून येतो, पिना वाकतात. खटका उचलला, जुना काढला, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नवा ठेवला, खटका पाडला. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा काळाकुट्ट.

‘‘मामा, नवा प्रोसेसर डेड आहे,’’ भाचा म्हणाला.

‘‘कशावरून?’’

‘‘आता जुना परत घालतो, बघ तू.’’

जुना घातला. पडदा उजळला. नवा घातला. अंधार. ‘‘फसवलं मला दुकानदाराने!’’ भाचा म्हणाला. म्हणजे आरोपी आता दोन झाले.

वरवर पाहिलं तर या पुराव्यात खोट नाही. आपल्या न्यायशास्त्रातल्या पंडितांनी कारण शोधायची हीच रीत सांगितली आहे. हे असलं की ते असतं, हा अन्वय. हे नसलं की ते नसतं, हा व्यतिरेक. नवा असला की अंधार, नवा नसला की उजेड. आता आणखी काय पाहिजे?

पण त्या बोर्डावर एका कडेला चार बारीक दिवे होते. एक प्रोसेसरचा, एक रॅमचा, एक चित्राचा आणि एक डिस्कवरून सुरुवात होण्याचा. चालू होताना कॉम्प्युटर जिथे अडतो, तिथला दिवा पेटून राहतो. आमचा पहिल्याच दिव्यावर अडला होता. आणि त्याचं कारण प्रोसेसर बिघडलेला असणं हे नव्हतं. कारण असं, की बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायॉस नावाचा प्रोग्रॅम असतो आणि कोणाला ओळखायचं याची यादी त्याच्यापाशी असते. बोर्ड २०१८ चा, पाहुणा २०२२ चा. यादीत नाव नाही, म्हणून दारातच उभा. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची, तसंच हे. नव्याची ओळख पटवायची तर जुन्याला आत बसवून, त्याच्या साक्षीने यादी नवी करून घ्यावी लागते. त्या चिपमध्ये जागाही बेताची. पुष्कळ बोर्डांवर ती १६ मेगाबाइटचीच असते. नवी नावं मावेनात, तेव्हा काही कंपन्यांनी अगदी जुन्यांची नावं खोडून जागा केली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगची यादी अशीच होते.

यातली मौज पुढेच आहे. हा जो जुना, विश्वासू २२००जी, ज्याच्या भरवशावर आपण नव्याला खोटा ठरवत होतो, तो २०१८ च्या फेब्रुवारीत बाजारात आला तेव्हा त्या वेळच्या कित्येक बोर्डांनी त्यालाही ओळख दिली नव्हती. शेवटी तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीने गिऱ्हाइकांना आणखी एक जुना प्रोसेसर उसना पाठवला, की आधी हा बसवा, यादी नवी करा, मग आमच्या पोराला घरात घ्या! म्हणजे जुना म्हणजे तरी कोण? काल दारात तिष्ठलेला नवाच. सासूने हे लक्षात ठेवलं असतं तर मराठी कादंबऱ्या निम्म्या झाल्या असत्या.

भाच्याने यादी नवी केली आणि पुन्हा नवा बसवला. पुन्हा अंधार! पण या खेपेला पेटलेला दिवा चित्राचा होता. रोग हलला होता. भाच्याने मित्राला फोन लावला. मित्राने एवढंच विचारलं, ‘‘मॉनिटरची केबल कुठे लावलीयेस?’’

केबल २०१८ पासून जिथे होती तिथेच, बोर्डाला. आणि सगळं कोडं तिथे सुटलं. जुन्या प्रोसेसरला कोअर चारच, पण पडद्यावर चित्र काढायची सोय त्याच्या पोटातच होती. नावातला तो ‘जी’ आदरार्थी नाही, ग्राफिक्सचा आहे. नव्याला कोअर सहा, अंगात कितीतरी जास्त जोर, पण चित्रकला शून्य. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. मित्राचं एक जुनं कार्ड उसनं आणलं, केबल त्याला जोडली, आणि पडदा असा उजळला की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. (भाचा ओरडला होता म्हणून.)

आता बघा. नवा निर्दोष, दुकानदार निर्दोष, बोर्ड निर्दोष. तरीही जुना-नवा बदलून केलेली परीक्षा खोटी नव्हती! तिने फरक कुठे आहे ते बरोबर दाखवलं होतं. फरक म्हणजेच गुन्हा, हा शेरा आपण आपल्या अक्षरात मारला. खरी गोष्ट ही, की जो गेला तो एक काम मुकाट्याने करत होता आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेलं नव्हतं. ऑफिसातला जुना शिपाई निवृत्त झाला की हेच होतं. कोणतं कपाट ढकलून उघडावं लागतं, कोणत्या आजींना स्लिप भरून द्यावी लागते, हे त्याच्या कामांच्या यादीत कधीच नव्हतं. त्याच्या जागी आलेला पदवीधर मुलगा यादीतलं सगळं चोख करतो, आणि तरी महिन्याभरात शाखा म्हणते, ‘पूर्वीसारखं राहिलं नाही हो!’

न्यायशास्त्रातल्या पंडितांना हा घोटाळा ठाऊक होता. कार्याच्या आधी जे जे हजर असतं ते सगळं कारण नव्हे, हे सांगायला त्यांनी कुंभाराचं गाढव पुढे आणलं. घडा होण्याआधी माती वाहणारं गाढव हजर असतं; म्हणून काही गाढव हे घड्याचं कारण होत नाही. कुंभाराचा बापही त्यांनी याच यादीत घातला आहे. तिकडे स्कॉटलंडात डेव्हिड ह्यूम हा तत्त्वज्ञ १८ व्या शतकात म्हणाला, की एकामागून एक गोष्ट वारंवार घडताना पाहिली की मनाला सवय लागते. दोहोंमधला सांधा मात्र कोणी पाहिलेला नसतो. ह्यूमला निदान ‘वारंवार’ तरी लागत होतं. आपल्याला एकदा पुरतं.

हे सगळं मी तत्त्वज्ञानासाठी लिहीत नाही. एका शाखेतली गोष्ट सांगायची आहे. एके संध्याकाळी रोकड ४,५०० रुपयांनी कमी आली. कॅशियरने रिवाजाप्रमाणे स्वतःच्या खिशातून भरली. आणि शाखेत त्या आठवड्यात नवं काय होतं? रोजंदारीवर आलेला, एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा. तिसराच दिवस. दुपारी चहा घेऊन तो कॅशच्या केबिनमध्ये गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त ट्रे केबिनच्या बाहेर ठेवायला सांगण्यात आलं. तो आला की ड्रॉवर ओढून घेतल्याचे आवाज यायचे, एवढंच.

दुपारी हेडकॅशियर बाईंनी ४,५०० ला नऊने भागलं. भाग गेला. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची उलटापालट किंवा शून्याचं कमीजास्त झालं असण्याचा संभव, हे हिशेबनिसांचं जुनं गणित आहे. त्यांनी स्लिपा चाळल्या. एका खातेदाराला दिले होते ५,०००, मशीनमध्ये नोंद होती ५०० ची. खातेदाराला मोबाईलवर ५०० चा संदेशही गेला होता आणि तो अतिशय शांत होता.

पैसे वसूल झाले. प्रश्न उरला त्या मुलाचा. त्याची माफी कोणी मागायची? आरोप तर कोणी केलाच नव्हता! मुकाट्याने घेतलेला संशय मुकाट्यानेच मागे घेता येतो, असा आपला समज असतो. बाईंना तो पटला नाही. त्यांनी मुलाला बोलावून सगळ्यांसमक्ष सांगितलं, ‘‘काल पैसे कमी आले होते, ते आमच्याच नोंदीत चुकले होते. तुझा काही संबंध नाही.’’

मुलगा म्हणाला, ‘‘बरं मॅडम. मग आता चहा आत आणू?’’

त्याला सगळं कळलेलं होतं.

तेरीज पत्रक जुळत नसलं तर फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाका, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं. कारण कळेपर्यंत त्या रकमेला कुणाचंही नाव द्यायचं नाही. तेव्हा मला ही पळवाट वाटायची. आता वाटतं, की कॉमर्स शाखेने जगाला दिलेला हा एकच नीतिविचार असेल, पण तो फार मोठा आहे. अट इतकीच, की ते खातं उघडं ठेवून झोपून जायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, काय पाहिलं ते लिहून ठेवायचं आणि फरक सापडला की तो ज्याच्या खात्यातला आहे त्याच्याच खात्यात भरायचा. आणि मधल्या काळात जो उगाच ताटकळला, त्याला आपण होऊन, चारचौघांत, आत बोलवायचं. प्रोसेसरला याची गरज नसते.