सारवण आणि सारवासारव

दिवाळीच्या तोंडावर घरोघर आवराआवर सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, भिंतींना रंग लागतो, आणि जिथे अजून मातीची जमीन आहे तिथे ती सारवली जाते. या सारवण्यातून मराठीने दोन शब्द काढले आहेत, आणि त्या दोहोंत केवढे अंतर आहे! सारवण म्हणजे जमीन स्वच्छ करणे. सारवासारव म्हणजे घडून गेलेली गोष्ट शब्दांनी झाकणे. काम बिघडले असता माणसाने यांतले कोणते करावे, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही. परंतु प्रत्यक्ष प्रसंगी एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे भल्याभल्यांना उमगत नाही. मला हा भेद स्वच्छ दिसला तो एका अनपेक्षित ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे संगणकाची पास्कल ही भाषा.

ही भाषा १९७० साली झुरिकचे प्राध्यापक निकलाउस विर्ट यांनी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना संगणकाचे काम शिस्तीने मांडता यावे, हा त्यांचा मुख्य हेतू. नाव दिले ब्लेझ पास्कल या फ्रेंच तत्त्वज्ञाचे. वडिलांना कराचे हिशेब करताना पडणारे कष्ट पाहून या पास्कलने १६४२ साली बेरजेचे यंत्र बनवायला घेतले होते. विर्ट यांच्या मूळ भाषेत मी सांगणार आहे ती सोय नव्हती. ती पुढच्यांनी घातली. १९९५ साली बोर्लंड कंपनीने 'डेल्फी' नावाने पास्कलचे जे नवे रूप बाजारात आणले, त्यात ती होती. विर्ट २०२४ च्या १ जानेवारीला निवर्तले. भाषा आज पूर्वीइतकी प्रचारात नाही. पण तिच्यातली ही सोय विचार करण्याजोगी आहे.

समजा, घरी लग्न आहे. आपण शेजारून हंडे, पराती, पातेली मागून आणतो. कार्य उरकले की ती घासून परत करतो. पास्कलमध्ये कामापुरती एखादी वस्तू लागली, की ती अशीच मागून घ्यावी लागते. 'क्रिएट' म्हटले की संगणकाच्या स्मृतीत तिच्यासाठी जागा मिळते. काम झाल्यावर 'फ्री' म्हणून ती जागा परत करायची. त्याच सुमाराच्या जावासारख्या भाषांत मागून केर काढणारा गडी ठेवलेला असतो. पास्कलमध्ये अशा वस्तूंसाठी असा गडी नाही. ज्याने मांडले, त्याने आवरावे.

सगळे सुरळीत चालले तर प्रश्नच नाही. पण लग्न ऐन मुहूर्तावर मोडले तर? ज्याच्या अंगावर भांड्यांची जबाबदारी, तोच गडबडीत निघून जातो आणि भांडी मांडवात पडून राहतात. पास्कलमध्येही काम करता करता मोठी अडचण आली, की पुढच्या ओळी टाकून संगणक एकदम वर उडी घेतो. या अडचणीला 'एक्सेप्शन' म्हणतात. टाकलेल्या ओळींत 'फ्री'ची ओळही असते. जागा अडकून राहते. एका वेळी अडकते ती जागा चिमूटभर. पण जो प्रोग्रॅम महिनोन्महिने अहोरात्र चालायचा आहे, त्यात चिमटी-चिमटीने सगळी स्मृती भरते आणि एके दिवशी काम ठप्प होते. कोणी म्हणेल, प्रोग्रॅम बंद झाला की यंत्र आपली जागा परत घेतेच, मग एवढी काळजी कशाला? हे खरे आहे. मेल्यावर सगळे इथेच राहते, हेही खरे आहे. म्हणून जिवंतपणी कोणी उधारी बुडवीत नाही.

यावर उपाय म्हणून 'ट्राय' आणि 'फायनली' हे दोन शब्द आले. 'ट्राय'खाली काम लिहायचे आणि 'फायनली'खाली आवराआवर. मग लग्न लागो की मोडो, 'फायनली'खालचे झाल्यावाचून राहत नाही. यात एक बारकावा आहे. भांडी आणण्याची ओळ 'ट्राय'च्या वर लिहायची असते, आत नव्हे. कारण भांडी मिळालीच नसतील, तर परत काय करणार? जे हाती आलेच नाही ते परत करू गेले, की भलत्याचेच भांडे भलत्याच्या दारात जाते. जबाबदारी सुरू होते ती वस्तू हाती आल्याच्या क्षणी. त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. 'फायनली' आवरते, पण अडचण मिटवीत नाही. आवराआवर झाली की ती अडचण पुन्हा वर निघते. ज्याने काम सांगितले त्याच्याकडे, तिथून त्याच्याही वरच्याकडे, जोवर तिच्यावर इलाज करणारा कोणी भेटत नाही तोवर. इलाज करणाऱ्यासाठी निराळा शब्द आहे, 'एक्सेप्ट'. पास्कलने हे दोन्ही शब्द एका 'ट्राय'खाली बसू दिलेले नाहीत. दोन्ही हवेत तर एकात एक अशा दोन चौकटी कराव्या लागतात. भांडी परत करणे हे एक कर्तव्य आणि मुलीच्या बापाला लग्न मोडल्याचे सांगणे हे दुसरे. पहिले केले म्हणून दुसरे चुकत नाही.

'एक्सेप्ट'चा दुरुपयोग फार सोपा आहे. त्याच्याखाली काहीच लिहायचे नाही! अडचण आली की ती तिथेच गिळली जाते आणि प्रोग्रॅम हसतमुखाने पुढे चालतो. मी शाळामास्तर, म्हणून उदाहरण गुणपत्रिकेचे देतो. गुणांच्या रकान्यात एका मुलापुढे आकडा नसून 'गैरहजर' असे लिहिले आहे. शब्दाचा आकडा करा म्हटल्यावर पास्कल अडते आणि तक्रार करते. ती तक्रार कोणी रिकाम्या 'एक्सेप्ट'ने गिळली, तर गुणांच्या जागी आधीच्या मुलाचा आकडा तसाच राहतो आणि या मुलाच्या नावापुढे छापला जातो. पत्रक नीटनेटके दिसते, बेरीज जुळते, कोणाला संशय येत नाही. ही सारवासारव. जाणते लोक म्हणूनच सांगतात, की जी अडचण तुम्हाला नावानिशी ओळखता येते आणि निस्तरता येते, तेवढीच थांबवा; बाकीची वर जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट मला फार मार्मिक वाटली. 'फायनली'खाली आवरता आवरता नवीच अडचण उभी राहिली, तर ती पहिलीची जागा घेते आणि मूळ अडचण वर पोचतच नाही. घरातली भांडणे आठवून पाहा. कप कोणी फोडला हा प्रश्न बाजूला राहतो आणि काचा कोणी कशा गोळा केल्या यावरून दोन दिवस अबोला चालतो. आवरणाऱ्याने शांतपणे, बेताने आवरावे. त्यात नवा पराक्रम करू नये.

हे सगळे यंत्राचे झाले. माणसाचे काय? कल्पना करा, एका मंडळाचा खजिनदार आहे. मुलीच्या आजारपणात त्याने मंडळाचे पैसे वापरले आणि हिशेब तपासायच्या आत पै न् पै परत ठेवले. आता तो म्हणतो, "कोणाचे काही गेले नाही, मग सांगायचे कशाला?" आपल्यांतले पुष्कळ जण त्याच्या बाजूने मान हलवतील, आणि त्यांची मने वाईट नाहीत.

पण त्याचा हिशेब एका जागी चुकतो. पैसे परत ठेवणे हे तो प्रायश्चित्त समजतो. 'फायनली' काम बिघडले तरच चालते असे नाही. काम उत्तम झाले तरीही ते चालतेच. भांडी लग्न लागले तरी परत करायचीच होती. जे एरवीही करायचेच होते, ते केल्याचे मोल लावून मौन कसे विकत घेता येईल? पैसे परत ठेवणे हे सारवण झाले, आणि ते चोखच झाले. ज्या क्षणी त्याने त्या सारवणाचा उपयोग न सांगण्यासाठी केला, त्या क्षणी त्याची सारवासारव झाली.

यावर एक आक्षेप योग्य आहे. मग काय त्याने चावडीवर उभे राहून सांगावे? मुळीच नको. अडचण वर जाते ती कामाच्या साखळीने, सगळ्या गावाला नव्हे. आणि इलाज करू शकणारा भेटला की तिथेच थांबते. अध्यक्षांना एकट्यात सांगितले, तरी पुरे. दुसरा आक्षेप याहून जड आहे: जगात दयेला जागाच नाही का? आहे, आणि फार मोठी आहे. परंतु दया करण्याचा अधिकार वरच्याचा असतो. अध्यक्ष सगळे ऐकून म्हणू शकतील, "जा, मुलीला सांभाळ, पुढच्या वेळी आधी विचार." किती माणसे असे म्हणायला तयार असतात! पण ज्यांच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही, ते क्षमा तरी कसली करणार? खजिनदार गप्प राहिला म्हणजे तो शिक्षेतून सुटतो हे खरे, पण क्षमेलाही मुकतो. आणि मग वर्षानुवर्षे त्या परत ठेवलेल्या पैशांची राखण त्याला एकट्यालाच करत बसावे लागते.