बैरमंगलची कोनशिला

बेंगळुरूहून म्हैसूरच्या दिशेने निघालं की बिडदीच्या बाजूला बैरमंगल हे गाव येतं. १७ डिसेंबर १९३९ रोजी इथे हजारोंचा समुदाय जमला होता. पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळच्या अरणगावात आश्रम असलेले मेहेरबाबा तिथे एका जागतिक आध्यात्मिक केंद्राची कोनशिला बसवणार होते. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचा या कामाला पाठिंबा होता. आराखडा मोठा होता: साधकांसाठी शिक्षणसंस्था, संतांचं निवासस्थान, ध्यानासाठी एकांताच्या खोल्या, पीडितांसाठी विसावा आणि वेड्यांसाठी एक स्वतंत्र घर. वेडे आणि संत एकाच आवारात, एकाच नकाशावर. ते घर कधी उभं राहिलं नाही. पुढे मेहेरबाबांनी बेंगळुरू सोडलं आणि काम थांबलं ते थांबलंच.

त्याच दशकात बेंगळुरू शहरातलं वेड्यांचं एक जुनं घर रिकामं झालं होतं. पेठेच्या भागातल्या 'ल्युनॅटिक असायलम'ची सुरुवात १८४७ सालची. १९२५ मध्ये त्याचं नाव बदलून 'मेंटल हॉस्पिटल' झालं. डॉ. फ्रँक नोरोन्हा अधीक्षक होते. गजबजलेल्या पेठेतल्या दाटीत माणूस बरा व्हायचा नाही, त्याला मोकळी हवा, झाडं, काम आणि जागा हवी, हा विचार तेव्हा जोर धरत होता. तीसच्या दशकात लालबागच्या पलीकडच्या उंचवट्यावर नवं रुग्णालय उभं राहिलं आणि रुग्ण तिकडे हलले. तेव्हाही दिवाण मिर्झा इस्माईलच होते. नोरोन्हांनंतर आलेले डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तत्त्वज्ञानात रस असलेले मनोविकारतज्ज्ञ. १९५४ मध्ये याच आवारात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. २७ डिसेंबर १९७४ रोजी ही संस्था आणि रुग्णालय एकत्र होऊन आजचं निम्हान्स झालं. पेठेतल्या जुन्या जागेवर शहर चढत गेलं.

एका शहराने, एका दिवाणाच्या कारकिर्दीत, वेड्या माणसाला दोन उत्तरं देऊ केली. एक इस्पितळाचं: तू आजारी आहेस, उपचार घे. दुसरं आश्रमाचं: तू कदाचित देवाच्या फार जवळ गेला आहेस, आम्ही तुझी सेवा करू. पहिलं देशातली एक मोठी संस्था झालं, दुसरं कोनशिलेपाशी अडलं. पण त्या कोनशिलेखालचा प्रश्न अजून जिवंत आहे. ज्याचं मन आपल्या मनासारखं चालत नाही, त्या माणसाचा मान कशावर ठरतो?

मेहेरबाबांचं उत्तर नुसतं कागदावर नव्हतं. १९३६ साली त्यांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. आसपासच्या गावांतून, रस्त्यांवरून माणसं आणली गेली. बाबा स्वतः त्यांना आंघोळ घालत, हजामत करत, जेवू घालत. रत्नागिरीकडचा मोहम्मद हा तिथे आलेल्यांपैकी एक. पुढे तो अरणगावच्या आश्रमात, मेहेराबादलाच राहिला आणि तिथेच म्हातारा झाला. विल्यम डाँकिन या इंग्रज डॉक्टराने अशा माणसांच्या भेटींची तपशीलवार नोंद ठेवली, तिचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. डॉक्टर असल्यामुळे डाँकिनला एक रेघ ओढावीच लागली: वेडा वेगळा, 'मस्त' वेगळा. वेड्याचं मन बिघडलेलं असतं, मस्ताचं मन ईश्वराच्या प्रेमात बुडालेलं असतं. बाहेरून दोघे सारखेच दिसू शकतात. चिंध्या गोळा करणं, स्वतःशी पुटपुटणं, उकिरड्यावर बसून राहणं हे दोघांतही आढळतं. फरक ओळखायचा तर त्यासाठी सद्गुरूचीच नजर हवी, अशी त्या पुस्तकामागची श्रद्धा आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते, चक्रधरस्वामींचे गुरू. गावाला ते वेडे वाटत. कुणाच्याही घरात शिरून खावं, पोरांत खेळावं, एकटंच हसावं, दगडाधोंड्यांशी बोलावं. म्हाइंभटांनी या सगळ्या लीळा भक्तिभावाने जमवल्या. त्यातलं एकही वर्तन त्यांनी झाकलं नाही, सजवलं नाही. मराठी गद्याच्या पहाटेच एका वेड्या म्हणवल्या गेलेल्या माणसाचं इतकं सविस्तर चरित्र लिहिलं जावं, ही साधी गोष्ट नाही. शेगावला १८७८ मध्ये उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना दिसलेले गजानन महाराज याच वाटेवरचे.

पण आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातं ते नागपूरचं उदाहरण.

ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ साली कामठीला झाला. लहानपणीच आईवडील गेले. तरुणपणी ते पलटणीत शिपाई होते. मग नोकरी सुटली, अंगावरच्या कपड्यांचं भान सुटलं, पोरं दगड मारू लागली. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात दाखल केलं गेलं. तिथे ते सोळा वर्षं राहिले. लोक गजाआडच्या त्या माणसाच्या दर्शनाला येऊ लागले. अखेर १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन भरून त्यांना सोडवलं आणि शक्करदऱ्याच्या वाड्यात नेऊन ठेवलं. हिंदू राजाच्या वाड्यात मुसलमान अवलिया, दाराशी सगळ्या जातिधर्मांची रांग. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले. आज ताजबागेत त्यांचा दर्गा आहे, आणि मनोरुग्णालयाच्या आवारात ते ज्या जागी राहिले ती जागाही भाविक पवित्र मानतात.

त्यांच्या शेजारच्या कोठडीत कोण होतं?

हे कुणी विचारत नाही. १८९२ ते १९०८ या काळात नागपूरच्या त्या इमारतीत किती तरी माणसं आली, राहिली, गेली. त्यांनीही कपडे टाकले असतील, त्यांनाही आवाज ऐकू आले असतील, त्यांच्यावरही पोरांनी दगड फेकले असतील. त्यांना न्यायला राजा आला नाही. बहुतेकांना भाऊही आला नसेल. मग बाबांच्या जागी दिवा लागतो आणि त्यांच्या जागी लागत नाही, याचं कारण त्यांच्या मनात शोधायचं की त्यांना भेटायला आलेल्या माणसांच्या संख्येत?

परंपरेचं औदार्य इथे तोकडं पडतं, हे स्पष्ट म्हणायला हवं. वेडा देव असू शकतो, ही शक्यता खुली ठेवल्यामुळे काहींना अन्न मिळालं, निवारा मिळाला, मारहाण टळली. पण तो मान सशर्त होता. चमत्कार घडला तर महाराज, नाही तर येरवडा. मराठी घरांत 'याला येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला भरती करा' हे वाक्य किती सहज उच्चारलं जातं! ज्या घरात गजानन महाराजांची तसबीर आहे, त्याच घरात.

धर्मग्रंथांनी या शर्तीपलीकडे जायचा प्रयत्न केला आहे, तो विसरून चालणार नाही. मनुस्मृती उन्मत्ताला वारसाहक्क नाकारते, हे कठोर आहे. पण लगेच पुढे, त्याला आयुष्यभर अन्नवस्त्र न देणारा पतित होतो, असंही बजावते. इस्लामी परंपरेत तिघांवरून लेखणी उचललेली असते असं सांगितलं जातं: झोपलेला, लहान मूल आणि वेडा. त्यांच्या कृत्यांचा हिशेब मांडला जात नाही. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले, त्यातले चार शरीरातल्या दोषांचे आणि एकच बाहेरून आलेला, देव-पितर-गंधर्वांचा. म्हणजे वैद्याने बहुतांश वेड आजार म्हणून ओळखलं होतं आणि उरलेल्या थोड्या जागेत अज्ञाताला वाव ठेवला होता.

श्रद्धेच्या नावाखाली झालेलं क्रौर्यही याच ताळेबंदात मांडलं पाहिजे. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणारी खासगी निवासं होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका निवासाला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. ती माणसं बेवारस नव्हती. घरच्यांनी देवाच्या भरवशावर, बरं होईल या आशेने त्यांना तिथे आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला स्पष्ट मनाई केली आणि समाजात राहण्याचा हक्क मान्य केला.

इस्पितळाचं उत्तरही निर्दोष नाही. १९१२ च्या ल्युनसी अ‍ॅक्टखाली ठाणे, येरवडा, नागपूर इथे माणूस दाखल करायचा तर डॉक्टरचा दाखला लागे. त्या छापील नमुन्यात दोन रकाने असत. एकात डॉक्टरने स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणं लिहायची, दुसऱ्यात इतरांनी सांगितलेली. त्या माणसाचं स्वतःचं म्हणणं काय, यासाठी तिसरा रकाना नव्हता. औषधाने पुष्कळांचे हाल थांबवले, आणि वेडाचं उदात्तीकरण करणाऱ्यांनी ते हाल एकदा जवळून पाहावेत. रात्रभर कानात शिव्या ऐकणाऱ्या माणसाला तो ईश्वराचा लाडका आहे असं सांगणं निर्दय आहे. पण त्याचं बोलणं फक्त लक्षण म्हणून टिपून घेणं हीसुद्धा त्याला एकटं पाडण्याची एक रीत आहे.

निम्हान्सच्या आवारात आज वारसा संग्रहालय आहे. जुनी उपकरणं, कागदपत्रं, छायाचित्रं तिथे जपली आहेत आणि संस्थेतल्याच मनोविकारतज्ज्ञांनी जुन्या नोंदींच्या आधारे इतिहास लिहिला आहे. रुग्णालयाने स्वतःचा भूतकाळ असा लोकांसमोर मांडणं आपल्याकडे विरळा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याच्या जमिनीचा एक भाग नव्या रेल्वे स्थानकासाठी द्यायचं ठरलं तेव्हा चर्चा झाली ती एकरांची. त्या जागेत शंभर वर्षं राहून गेलेल्यांचं काय जपायचं, हा मुद्दा क्वचितच कुणाच्या तोंडी आला.

जपायचं म्हटलं तरी कसं? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झालं, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक सुटकेस सापडल्या. दाखल होताना आणलेल्या. छायाचित्रकार जॉन क्रिस्पिनने त्या एकेक उघडून टिपल्या. पण वस्तूंवरची पूर्ण नावं त्याला झाकावी लागली, कारण रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याचा नियम मृत्यूनंतरही लागू होता. तिथेच लॉरेन्स मोचा नावाचा एक रुग्ण होता. आपल्यासारख्याच रुग्णांसाठी त्याने सुमारे दीड हजार कबरी खणल्या. १९६८ मध्ये तो वारला. त्याच्या नावाची पाटी लावू द्या, म्हणून लोकांना अनेक वर्षं भांडावं लागलं. भारतातल्या २०१७ च्या कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे आणि तो योग्यच आहे. आजही मनोरुग्णाचं नाव बाहेर पडलं की लग्न मोडतं, नोकरी जाते. ज्या नियमाने जिवंत माणूस सुरक्षित राहतो, त्याच नियमाने मेलेला माणूस बेनाव होतो.

या पेचावर परंपरेने एक वाट काढून ठेवली आहे, तिच्याकडे या अंगाने फारसं पाहिलं जात नाही. सर्वपित्री अमावास्येला कर्नाटकात सरकारी सुट्टी असते. तिकडे तिला महालय अमावास्या म्हणतात. त्या दिवशी तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध होतं. तर्पणाच्या शेवटी, ज्यांना आई नाही, बाप नाही, आप्त नाहीत, गोत्राचं कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठीही काळे तीळ घातलेलं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडलं जातं. नाव घेतलं जात नाही, कारण नाव ठाऊकच नसतं. तो संत होता का, वेडा होता का, त्याच्या हातून काय घडलं, याची चौकशी त्या ओंजळीत नाही. देवत्व सिद्ध करायची अट नसलेला मान आपल्या धर्मव्यवहारात आहे. फक्त तो आपण मेलेल्यांपुरता राखून ठेवला आहे.

जिवंतांसाठी तो मान देऊ पाहणारी माणसं आहेत. डॉ. भरत वाटवाणी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं, त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणारी, केस जटा झालेली माणसं कर्जतच्या केंद्रात आणली जातात. आंघोळ, जेवण, औषधं. राहुरीला मेहेरबाबा जे करत तेच पहिले दिवस, फक्त जोडीला मनोविकारशास्त्र. मस्त कोण आणि वेडा कोण, हे तिथे ठरवावं लागत नाही. मन थोडं स्थिरावलं की माणूस बोलू लागतो: एखाद्या नदीचं नाव, स्टेशनचं, शाळेचं, तालुक्याचं. तेवढ्या धाग्यावरून कार्यकर्ते गाव शोधून काढतात आणि रेल्वेने त्याच्यासोबत त्याच्या घरी जातात, कधी बिहारमध्ये, कधी आंध्रात, आणि औषधं कशी द्यायची ते घरच्यांना समजावून सांगतात.