बांधणाऱ्याचं नाव नसलेली विहीर

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. संध्याकाळी तिथे गर्दी असते. यशवंतराव चव्हाणांची समाधी, भेळ, सेल्फी. बाजूच्या उंच काठावर जुना भुईकोट आहे, त्याला पंतांचा कोट म्हणतात. तटाचा बराच भाग गेलाय, आत घरं झालीत. आणि तिथेच एक भलीमोठी दगडी विहीर आहे, लांबच लांब पायऱ्यांची. नाव नकट्या रावळ्याची विहीर. ती कोणी बांधली? कोणी शिलाहारांचं नाव घेतं, कोणी बहमनींचं. पक्कं कोणालाच सांगता येत नाही.

याच सातारा जिल्ह्यात प्रतापगड आहे. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात तोही होता. आपल्या सगळ्यांचे स्टेटस त्या दिवशी भगवे झाले होते, माझंही. कराडच्या कोटासाठी कोणी स्टेटस ठेवत नाही. तिथे महाराजांची गोष्ट नाही, लढाई नाही, पोवाडा नाही.

मग प्रश्न असा की जुन्या वास्तूचं आपण काही देणं लागतो का? की आपण फक्त आपल्या माणसाचं देणं लागतो, आणि दगड त्याच्या नावावर तरून जातो?

महाराजांच्या नावाने पोरं रविवारी सुट्टी घालवून टाक्यांतला गाळ काढतात. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. नावाशिवाय माणूस हलत नाही हे खरंच आहे. पण प्रतापगड 1656 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला, एवढं आपल्याला माहीत असतं. चुना मळणारे, चिरे घडवणारे, ते डोंगरावर चढवणारे कोण होते? ते कराडच्या विहिरीच्या पाथरवटांइतकेच निनावी. दोन्हीकडे घाम अनोळखी लोकांचाच आहे. एकीकडे हुकूम देणाऱ्याचं नाव टिकलं, दुसरीकडे नाही. एवढ्या फरकावर एकाचं आपण सगळं देणं लागतो आणि दुसऱ्याचं काहीच नाही, हे मला पटत नाही.

आमच्या कामात गिट ब्लेम नावाची कमांड असते, कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते ती सांगते. लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो, तरी आम्ही तो कोड सांभाळतो. पण तो सांभाळतो कारण त्यावर आजचा धंदा चालतो. विहिरीवर आज कोणाचा हंडा अवलंबून नाही. त्यामुळे ही तुलना इथेच थांबते, आणि प्रश्न जास्त अवघड होतो: उपयोग नाही, अभिमान नाही, मग कशासाठी?

फ्रान्समध्ये ओद नदीकाठी कार्कासोन आहे. 1209 मध्ये धर्मयुद्धातल्या सैन्याने ते जिंकलं आणि पुढे फ्रान्सच्या राजाने बाहेरचा तट उभारला, जिंकलेल्या लोकांना धाकात ठेवायलासुद्धा. 1850 च्या सुमारास सरकारने तटबंदी पाडायचं ठरवलं तेव्हा तिथल्याच लोकांनी ती वाचवली. म्हणजे तट ‘आपल्या’ राजाचा असावाच लागतो असं नाही. मात्र जीर्णोद्धाराच्या ओघात दोन तटांच्या मधल्या जागेत राहणाऱ्या गरीब विणकरांची घरं हटवली गेली, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. कराडच्या कोटातही लोक राहतात. विहीर जपायची म्हणून त्यांना उठवणं हा काही न्याय नव्हे.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो भरहुतचा एक लेख. मध्य प्रदेशातल्या त्या स्तूपाच्या कठड्यावर, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, ‘करहाकट’ नगराने दान दिल्याची नोंद आहे. अभ्यासक करहाकट म्हणजे आजचं कराड मानतात. बाकी अनेक दानांवर एकेका माणसाचं नाव आहे, इथे अख्खं गावच दाता. राजा नाही, शेठ नाही.

तसा हिशेब धरला तर विहिरीचा मालक शोधायची गरज उरत नाही. पायऱ्यांवरचा कचरा काढायला, पावसाळ्यानंतर कुठला चिरा हलला ते बघून लिहून ठेवायला गाव पुरे आहे, आणि कोटात राहणारे लोक त्या गावात पहिले.