मापात पाप

'मापात पाप करू नये,' हा उपदेश आपल्यापैकी बहुतेकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला असतो. शेजारणीकडून उसने आणलेले मापटेभर तांदूळ परत करावयाचे, तर ते शिगोशीग भरून द्यावे, असा आपल्या घरांतून रिवाज होता. त्या मापट्यावर सरकारी मुद्रा आहे की नाही हे कोणी पाहत नसे. शीग हीच त्याची मुद्रा. परंतु व्यवहार घराबाहेर पडला, विकणारा आणि घेणारा एकमेकांस अनोळखी झाले, की शिगेवर विसंबून चालत नाही. तेथे तिसऱ्या माणसाची गरज भासते. हा तिसरा माणूस म्हणजे निरीक्षक. तो विकणाऱ्याचाही नव्हे आणि घेणाऱ्याचाही नव्हे. माणसाला हे 'तिसरेपण' शिकविता येते काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

हा तिसरा माणूस काही आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. वजने लोखंडाची किंवा ठरावीक प्रदेशांतील दगडाची करावीत, अथवा भिजल्याने वाढणार नाही व तापल्याने घटणार नाही अशा द्रव्याची करावीत, आणि दर चार महिन्यांनी ती तपासून मुद्रित करून घ्यावीत, असा त्यातील दंडक आहे. अलीकडच्या इतिहासाकडे वळल्यास, १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे प्रमाण ठरली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती बाजारात येऊ लागली, आणि शेर, पायली, मण हे शब्द हळूहळू बोलण्यापुरते उरले. आज या क्षेत्रात वैधमापनाचा २००९ सालचा कायदा चालतो; तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. रांची येथे या शास्त्राची एक राष्ट्रीय संस्था असून निरनिराळ्या राज्यांचे निरीक्षक तेथे शिकावयास येतात.

निरीक्षकास जे शिकावे लागते ते मोठे मनोवेधक आहे. दुकानातील वजन तो आपल्याजवळच्या कार्यकारी प्रमाणाशी ताडून पाहतो. ते कार्यकारी प्रमाण ठरावीक मुदतीने दुय्यम प्रमाणाशी, दुय्यम प्रमाण संदर्भ प्रमाणाशी, आणि ते अखेर राष्ट्रीय प्रमाणाशी ताडले जाते. बिडाच्या वजनाला एक खळगा असतो. त्यात शिसे भरून वजनाची उणीव-अधिक दुरुस्त करतात आणि त्या शिशावरच मुद्रा उमटवितात. ही मुद्राही कायमची नव्हे. साध्या वजनांची व तराजूची फेरतपासणी चोवीस महिन्यांच्या आत, तर विजेवर चालणाऱ्या काट्याची बारा महिन्यांच्या आत व्हावी लागते. शिवाय प्रत्येक वजनास किती चूक क्षम्य, हेही नियमांनी ठरवून दिले आहे. निर्दोष वजन या जगात नसते, हे कायद्याला ठाऊक आहे. वापराने प्रत्येक वजन झिजते, एवढे धरूनच त्याने आपली रचना केली आहे.

या साखळीच्या टोकाची कथा तर बोधप्रद आहे. पॅरिसजवळ सेव्हर येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल जपून ठेवला होता. त्याचे वजन तोच जगाचा किलोग्रॅम. त्याच्याच धर्तीवर घडविलेली ५७ क्रमांकाची प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. सुमारे शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या निरनिराळ्या प्रतिकृती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. आता चुकले कोण? व्याख्येप्रमाणे मूळ दंडगोल चुकणे शक्यच नव्हते, कारण तो असेल तोच किलोग्रॅम! २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली आणि किलोग्रॅम निसर्गातील एका स्थिरांकाशी बांधला गेला. जे स्वतःच प्रमाण होऊन बसते त्याला स्वतःची चूक कधीच सापडत नाही, एवढे या कथेवरून आम्ही शिकलो. माणसाचेही याहून निराळे नाही.

सरकारी नोकराच्या प्रशिक्षणाविषयी दोन मते आपण नेहमी ऐकतो. एक पक्ष म्हणतो, सचोटी ही घरची शिदोरी. जी आईच्या मांडीवर मिळाली नाही ती सरकारी वर्गात कोठून मिळणार? तळे राखील तो पाणी चाखील, हे चालावयाचेच. दुसरा पक्ष म्हणतो, सचोटीचे स्तोम कशाला? नियम पक्के करा, नोकराला ते पाठ करावयास लावा, मग त्याच्या अंतःकरणाशी आपणांस काय कर्तव्य?

दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. निव्वळ घरच्या सचोटीने काम भागते असे पहिल्या पक्षास वाटते. पण तराजू समपातळीत ठेवल्याखेरीज वजन करू नये, काट्याच्या तबकाच्या मध्यावर वजन बरोबर दाखविले तरी कडेला ठेवून पुन्हा पाहावे, हे ज्याला माहीत नाही असा परमप्रामाणिक निरीक्षक निरपराध दुकानदाराला अपराधी ठरवील आणि खऱ्या लबाडास प्रमाणपत्र देऊन येईल. जो दुसऱ्याच्या भाकरीविषयी निर्णय देतो त्याचे अज्ञान हे केवळ अज्ञान राहत नाही; तो अन्याय होतो. म्हणून कामाचे कौशल्य शिकणे हाच सचोटीचा पहिला धडा होय. दुसऱ्या पक्षाचे उत्तर मात्र एका अनुभवावरून देणे बरे.

आमचे एक स्नेही परप्रांती निरीक्षक आहेत. नोकरीच्या आरंभीच एका आठवडी बाजारात लसूण विकणारी एक म्हातारी त्यांना आढळली. तिच्याजवळ वजन नव्हते. सासूच्या वेळचा एक गुळगुळीत दगड होता, त्यालाच ती किलो म्हणे. स्नेह्यांनी तो तोलून पाहिला. तो किलोहून तीस ग्रॅम अधिक भरला. म्हणजे ती बाई दर तोलामागे स्वतःलाच फसवीत होती. तरीही मुद्रा नसलेले वजन ते बेकायदा, म्हणून त्यांनी दगड जप्त केला आणि रीतसर कागद केला. चार पावलांवर एक किराणा दुकान होते. तेथील सर्व वजने मुद्रित, मुदतीतील आणि अचूक होती. तपासणी संपवून ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत दुकानदाराने एका गिऱ्हाइकास डाळ तोलून दिली, आणि तोलताना पारड्याच्या कडेला अंगठा टेकला. पुढच्या क्षणी तो उचललाही. पुरावा म्हणून दाखविण्यासारखे काही उरले नाही. ही हकिगत सांगून स्नेही म्हणाले, "मी चुकलो नाही, आणि तीच माझी अडचण आहे."

नियम वजनाची परीक्षा घेतो. अंगठ्याची परीक्षा घेण्यास माणूस लागतो. त्यामुळे नियम पाठ असणे पुरेसे नाही, एवढे यावरून दिसते. परंतु ही हकिगत येथे सांगण्याचे कारण निराळेच आहे. ती ऐकताना आम्ही त्या दुकानदारावर मनसोक्त संतापलो होतो. पुढे थोड्याच दिवसांत पारड्यावरचा एक अंगठा आम्हांस फार जवळून पाहावयास मिळाला.

२०२० मध्ये केंद्र सरकारने मिशन कर्मयोगी मंजूर केले. नोकराचे शिक्षण भरतीपाशी संपू नये, ते नोकरीभर चालावे, अशी त्यामागची कल्पना. आता संगणकावर निरनिराळे पाठ घेता येतात. आम्हीही एका सकाळी, समोरचा चहा निवण्यापूर्वी, सचोटीवरील एक पाठ उरकला. शेवटी दिलेल्या सर्व प्रश्नांची उत्तरे बरोबर आली. भेटवस्तू स्वीकारावी काय? नाही. नातेवाइकाच्या प्रकरणात निर्णय घ्यावा काय? नाही. प्रमाणपत्र हाती आले. त्याच दुपारी एक वृद्ध गृहस्थ टेबलापाशी आले. आमच्या नावाची पाटी वाचून म्हणाले, "साहेब, आपण मराठी का?" बुलढाण्याकडचे होते. परमुलखात, दिवसभर परभाषेत कागद रंगविल्यानंतर ते दोन शब्द कानी पडले की काय होते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. आम्ही त्यांना बसविले, गावाकडची चौकशी केली, आणि त्यांचा अर्ज गठ्ठ्याच्या तळातून काढून वर ठेवला. संध्याकाळी सहीसाठी गेलेल्या कागदांत तो होता. त्याच्या पाळीचा एक अर्ज मात्र मागे राहिला, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी आठ दिवसांच्या रजेवर गेले.

मागे राहिलेला अर्ज ओडिशातील एका बाईंचा होता. आठ दिवसांनी त्या आल्या तेव्हा तारखा पाहताना झालेली गोष्ट आमच्या ध्यानी आली. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. काम झाले म्हणून त्यांनी हात जोडून आमचे आभार मानले.

आम्ही कोणाकडून पै घेतली नव्हती. १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांत निकटच्या नातलगांविषयी बंधने आहेत. 'आपल्याकडचा माणूस' त्या नातलगांत येत नाही. २०१४ मध्ये त्या नियमांत निःपक्षपाताने वागण्याचे कलम स्पष्ट शब्दांत आले, हे खरे. पण पक्षपात करीत आहोत असे आम्हांस वाटलेच कोठे? आम्हांस वाटले, आपण माणुसकीने वागलो. नेमकी येथेच आपल्या प्रशिक्षणातील उणीव आहे असे आम्हांस वाटते. ते आपल्याला लोभापासून सावध करते. ममतेपासून करीत नाही. लोभाचा अंगठा ज्याचा त्याला टोचतो. ममतेचा अंगठा मात्र पारड्यावर टेकलेला असताना सत्कृत्य केल्याचे समाधान देत असतो.

कोणी म्हणेल, मग काय सरकारी नोकराने पाषाणहृदयी व्हावे? मुळीच नाही. दया आणि पक्षपात यांतील फरक ओळखणे अवघड असले तरी त्याला एक कसोटी आहे: जे आपण या माणसासाठी केले ते त्याच्या जागी असलेल्या कोणाही अनोळखी माणसासाठी केले असते काय? आमच्या स्नेह्यांनी पुढे काय केले ते पाहावे. म्हातारीचा दगड त्यांनी गुपचूप परत केला नाही. तसे केले असते तर पुढच्या बाजारातील दगडवाल्याला काय उत्तर देणार? त्यांनी वरिष्ठांकडे लिहून त्या आठवडी बाजारातच मुद्रांकनाचे शिबिर भरविण्याची परवानगी मिळविली. बाजारातील लहान विक्रेत्यांना प्रमाण वजने कोठे मिळतात, त्यांवर मुद्रा कशी करून घ्यावयाची, हे तेथे समजावून दिले. म्हातारीला मिळाले ते सर्वांनाच मिळाले. दया सर्वांपर्यंत पोचली की तिलाच न्याय म्हणतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिसरेपण शिकविता येते काय? जन्मभर टिकेल असे एकदाच शिकविता येत नाही, हे आमचे उत्तर. परंतु वजनालाही कोणी कायमचे अचूक करीत नाही. त्याची मुदतीने फेरतपासणी करतात, इतकेच. प्रशिक्षणाचे कामही एवढेच असावे, पण तेवढे खरेखुरे असावे. ज्या प्रश्नांची उत्तरे सर्वांना आधीच ठाऊक आहेत त्यांनी कोणाचीच झीज मोजली जात नाही. त्याऐवजी, गेल्या सहा महिन्यांत आपण कोणाचा कागद वर काढला आणि त्यामुळे कोणाचा खाली गेला, हे चार सहकाऱ्यांपुढे बसून सांगावयास लावणारा एक तास आम्हांस अधिक उपयोगी पडला असता. त्या चौघांत एक तमिळ, एक बंगाली, एक पंजाबी असावा. ज्याला आमच्या भाषेचा मोह नाही त्यालाच आमचा अंगठा दिसणार. त्याचा अंगठा आम्हांस दिसेल.

या दृष्टीने पाहता आपली परमुलखातील नोकरी हेच एक दीर्घ प्रशिक्षण आहे. जेथे आपला कोणी नाही तेथे तिसरे होणे सोपे असते; परीक्षा होते ती मराठी बोलणारा माणूस समोर आला म्हणजे. त्या दिवशी आम्ही त्या परीक्षेत उतरलो नाही.

आणि त्या बुलढाण्याच्या गृहस्थांचे काय करावयास हवे होते? त्यांचा अर्ज त्याच्या जागी राहू द्यावयाचा होता. कचेरी सुटल्यावर त्यांना घरी न्यावयाचे होते, चहा पाजावयाचा होता, आणखी कागद लागत असले तर ते रात्री बसून लिहून द्यावयाचे होते. तो वेळ आमचा होता, दुपारचा नव्हता. शीग अवश्य द्यावी, परंतु ती आपल्या घरच्या तांदळाची. त्या दिवशी आम्ही दिलेली शीग ओडिशाच्या त्या बाईंच्या मापट्यातून काढलेली होती.